सुतकातली पूजा

सोलापूर स्टेशनावर चेन्नईची गाडी उभी होती आणि आई खिडकीतून पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "देव मांडीवर घे. सीटखाली ठेवू नकोस." स्टीलच्या डब्यात, जुन्या खणात गुंडाळलेले माझे देव होते. आईनं लग्नात दिलेले बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा, सासरचा खंडोबाचा टाक. सुहास म्हणाला, "आई, तिकिटं आमची दोघांचीच आहेत. यांना टीसीनं पकडलं तर?" आई हसली नाही.

त्याला इथे चेन्नईत मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली होती. पुढे मलाही सिरुसेरीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिण्याचं काम मिळालं. थोडी वर्षं काढून परत यायचं, असं आपलं ठरलं होतं. माहेरच्या-सासरच्या तुम्हा सगळ्यांना तसंच सांगून निघालो होतो.

शोळिंगनल्लूरच्या आमच्या फ्लॅटसमोर अंबुजामामी राहतात. मूळच्या तंजावरच्या मराठी. मुलगा अमेरिकेत, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. जुन्या छापील पुस्तकात वाचलेली मराठी कुणाच्या तोंडून जिवंत ऐकली ती पहिल्यांदा त्यांच्याकडे, आणि तीही तमिळच्या चालीवर. सुहास त्यांना गमतीनं म्हणायचा, "मामी, तुमच्याशी बोलताना धोतर नेसून यावंसं वाटतं."

एका सकाळी कंपनीच्या बसची वाट बघताना सुहास रस्त्यातच कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. मामी आल्या आणि त्यांनी थेट मला विचारलं, "देव कुठें ठेवलेत?" मी बोट दाखवलं. "सुतकांत तुम्हीं शिवूं नये. आम्ही करतों. देव उपाशी काय म्हणून?" सूतक फिटेपर्यंत त्या रोज येऊन आमच्या देवांची पूजा करून गेल्या. आपल्याकडेही शेजारी हे करतात. परक्या गावात कोण करणार, हा प्रश्न मला पडायच्या आतच त्यांनी तो सोडवला होता.

तेराव्यानंतर तुम्ही परत गेलात. दुसऱ्या सकाळी मामींनी बेल वाजवली. आता पूजा मी करायची होती. मी म्हटलं, "मामी, माझ्यानं नाही होणार. मला त्यांच्याकडे बघवत नाही." वाटलं, आता समजूत घालतील. देव परीक्षा घेतो वगैरे म्हणतील. ते सगळं फोनवर येऊन गेलं होतं. मी पुस्तकांतली बाई. दुःखावर थोरामोठ्यांनी लिहिलेलं पुष्कळ वाचलं होतं, आणि त्यातलं एक वाक्यही त्या दिवसांत हाताला लागत नव्हतं. मामी म्हणाल्या, "सरी." म्हणजे बरं. चपला काढल्या आणि आत गेल्या.

तेव्हापासून त्या रोज यायच्या. मी देवघराकडे पाठ करून कॉफी प्यायचे आणि मागून त्यांचं बोलणं ऐकायचे. "काय रे, ऊन पाणी हवें? मद्रासेंत थंडी तरी पडते काय?" खंडोबाला चंदन लावताना म्हणायच्या, "तुमचा हा फार हट्टी हो, सरळ उभा राहत नाहीं." एकदा मी विचारलं, "तुमचे यजमान गेले तेव्हा तुम्हाला राग नाही आला?"

"आला कीं. वर्षभर भांडलें त्याच्याशीं."

"आणि पूजा?"

"ती केली. भांडण वेगळें, आंघोळ वेगळी."

असे कित्येक महिने गेले. कधी करणार, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. इतका धीर मी आजवर कुणात पाहिला नाही.

मग एका सकाळी बेल वाजली, पण मामी दाराबाहेरच उभ्या राहिल्या. "धाकटे दीर गेले, तंजावरास. आम्हांस सूतक आहे. आमचे देव आतां तुम्हीं करा."

"मी?"

"दुसरें कोण? राग तुम्हांस तुमच्या देवांचा. आमच्यांनीं काय केलें तुमचें?"

त्यांचे दीर गेले होते आणि मला हसू आलं. सुहास गेल्यानंतरचं ते पहिलं हसू. मी आंघोळ करून त्यांच्याकडे गेले. मामी हॉलमध्ये खुर्चीवर बसून तिथूनच सांगत होत्या, "आधीं जुनीं फुलें काढा. मुरुगन डावीकडे. भवानी मधें." देवांना पाणी घालताना ते ताम्हनाबाहेर सांडलं. मी तसं सांगितलं. "सांडूं दे," त्या म्हणाल्या, "रडूं आलें तर रडा. दिवा तेवढा सांभाळा."

दोन्ही झालं. रडणंही आणि दिवाही.

घरी परतल्यावर ध्यानात आलं. मामींना सूतक, म्हणजे आज माझ्याही देवांना कुणी नव्हतं. कालची फुलं सुकून पडलेली. आधी ती काढली. मग बाळकृष्णाला हातात घेतलं आणि म्हटलं, "मी अजून रागावलेलीच आहे." आणि पाणी घातलं.  पाठीवरून कुणीतरी ओझं उतरवून घ्यावं तसं वाटलं, आणि पूजा संपेपर्यंत ते वाटणं गेलं नाही.

मामींचं सूतक फिटलं. त्यांचे देव त्यांच्याकडे गेले, माझे माझ्याकडे राहिले. सुहास नाही, हे रोज तितकंच खरं असतं. पुढचं सगळं दिसत नाही. सकाळी काय करायचं तेवढं कळतं आणि त्यावर दिवस निघतो.

तुम्ही फोनवर विचारता, आता तिथं तुझं कोण आहे, घरी ये. सणाला येईन, राहीन. पण इतके महिने देव कुठे होता असं मी विचारत होते, तेव्हा तो याच घरात होता. मी पाठ फिरवून बसले होते आणि माझ्या मागे कुणीतरी त्याला रोज आंघोळ घालत होतं. ते घर सोडून मी कुठल्या घरी येऊ?