भागवतची डबलसीट

एखाद्यानं गाडी घेतली तर त्याची गोष्ट एकच होते. गाडी निवडायलाच दोन गळीत हंगाम लावले, तर गोष्टींचा ढीग लागतो. आमच्या भागवतचं तसंच झालं. अंकुशनगरला साखर कारखान्याजवळच्या कॉलनीत आम्ही तिघं शेजारी: मी, नामदेव आणि भागवत. भागवत कुठल्याही दारातून वाकूनच आत येतो, आणि पलंगावर टेकण्याआधी जरा थांबतो, पलंगाला विचारल्यासारखा.

अंबडला नोकरीवर जायला त्याला गाडी हवीच होती, पण खरी ओढ वेगळी होती. मीरावहिनी शहागडला शाळेत शिकवतात. संध्याकाळी काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून घरी येतात. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या मागं डबलसीट बसणं त्यांना कधी जमलंच नाही. कुणाचीही गाडी आणा, भागवत बसला की सीट संपायची.

*

जालन्याच्या शोरूममध्ये पहिल्याच गाडीवर त्याचे गुडघे हँडलला टेकले. पोरगा सांगत होता, "सर, मायलेज बघा."

"मायलेज ऱ्हाऊ द्या," नामदेव म्हणाला, "वळायचं कसं ते सांगा."

पोरानं विचार केला. "सर, तुमचा रोड सरळच असंल ना?"

*

मग मी माझीच गाडी त्याला चालवून बघायला दिली. भागवत बसला, मागचे शॉकअप खाली गेले आणि दिवेलागणीला हेडलाइटचा उजेड थेट कडुलिंबाच्या शेंड्यावर पडला. झोपायला टेकलेले बगळे एकदम उठले. त्या उजेडात ते पांढरे पंख किती वेळ फिरत होते, कोण जाणे. आम्ही सगळे वर बघत राहिलो.

"रस्ता दिसला का रे?" मी विचारलं.

"रस्ता न्हाई दिसला," तो म्हणाला, "पण बगळे बराबर दिसले."

*

गाडी किती वजन पेलते ते कागदावर लिहिलेलं असतं, पण भागवतचं वजन कुणालाच माहीत नव्हतं. घरचा काटा त्याच्यापुढे हात टेकायचा. शेवटी उसातली माणसं आम्ही, त्याला नेला हायवेवर, ट्रक मोजायच्या काट्यावर. उसानं भरलेला ट्रक नुकताच काट्यावर चढला होता. भागवत एक पाय काट्यावर ठेवून अवघडून उभा होता, चढू का नको करत.

काट्यावरच्या म्हाताऱ्यानं खिडकीतून पाहिलं. "चढा न्हाईतर उतरा, पाव्हणं. एका माणसाचं वजन आमी धरत न्हाई."

वजन कळलंच नाही. पण परतताना भागवत इतका हलका चालत होता की आम्हाला त्याला गाठावं लागलं.

*

मागं जागा किती उरते हे बघायला नामदेवनं साखरेचं अर्धं पोतं माझ्या गाडीवर, भागवतच्या पाठीशी बांधलं. तेवढ्यात वहिनी आल्या.

"हे काय करून राह्यले?"

"वहिनी, तुमची जागा मोजून राह्यलो."

वहिनींनी पोत्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "पोतं उतरवा. मी सवताच येते."

आणि त्या खरंच शोरूमला आल्या. एक उंच गाडी होती, लांब सीटची. भागवत बसला तर दोन्ही तळपाय जमिनीवर पुरे टेकले. वहिनी मागं बसल्या आणि दोघांच्या मध्ये जेवणाचा डबा ठेवून बघितला. डबा मावला.

"हीच घ्या," त्या म्हणाल्या. आणि डबा काढून घेतला.

*

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मी आणि नामदेव शहागडहून येत होतो. दिवस मावळतीला, दोन्हीकडं ऊस, थंडी नुकती पडायला लागलेली. उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेनं बराच वेळ रस्ता अडवला होता, पण आता रस्ता मोकळा झाला होता. तरी पुढं कडेला भागवतची नवी गाडी तशीच उभी. स्टँड लावलेलं नाही, इंजिन बंद. भागवत दोन्ही पाय जमिनीवर रोवून सीटवर ताठ बसलेला.

मी शेजारी गाडी घेतली. "पेट्रोल संपलं का रे?"

"न्हाई." त्यानं मानही वळवली नाही.

"मंग बिघडली का?"

"न्हाई."

तेव्हा कुठं मी त्याच्या मागं बसलेल्या वहिनींकडं नीट पाहिलं. पर्स मांडीवर, गाल त्याच्या पाठीला टेकलेला, डोळे मिटलेले.

"रांगेत हिचा डोळा लागला," भागवत अगदी हळू म्हणाला. "तुमी जा पुढं."

नामदेवनं मागून हात घालून आमच्या गाडीची चावी बंद केली. वळण येईपर्यंत आम्ही ती ढकलत नेली.