बाईंची बाटली

शाळेत त्यांचं नाव 'करूनबघा बाई' पडलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमानच होता. सहावी-सातवीला विज्ञान आणि गणित शिकवायच्या, पण फळ्यावर उत्तर लिहायची त्यांना ॲलर्जी. पिशवीत पुस्तक एखादंच; बाकी फुटके फुगे, स्ट्रॉ, बुचं, सायकलचे छर्रे. नवरा म्हणायचा, "भंगारवाल्याशी लग्न केलं असतंस तर दोघंही सुखात राहिला असतात." शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर त्यांचं एकच प्रवचन असायचं: "मुलांना बोलू द्या हो! आपण गप्प बसायला शिका." ते इतकं लांबायचं की चहा गार व्हायचा आणि ऐकणारे खरोखरच गप्प बसायला शिकायचे.

त्यांचा जीव अडकला होता सातवीच्या जोडतासात. आठवड्यातून एकदा दोन तास सलग, बाकं भिंतीला, पसारा मधोमध. मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, डोळा नेमका त्यावरच होता. तिथे त्यांना परीक्षेची उजळणी घुसवायची होती. "पुढच्या जोडतासाला मी मागे येऊन बसते," त्या म्हणाल्या. "मुलं खरंच काही शोधतात की नुसता गोंधळ घालतात, ते बघते आणि मग ठरवते."

त्याच दिवशी वर्गात पाण्याचं घड्याळ चाललं होतं. उंचावर बादली, तिच्यातून येणारी बारीक नळी, खाली बाटली. जितकं पाणी साठेल तितका वेळ गेला. मोजायचं काय, ते प्रत्येक गटाने ठरवायचं. चष्मेवाल्या मुलीच्या गटाने ठरवलं, वर्गात कोण किती बोलतं ते मोजू. बाईंनी टाळ्याच वाजवल्या. बाई बोलल्या की नळी लाल बाटलीत, मुलं बोलली की निळ्या, कोणीच नाही तर नळीला चिमटा.

तास संपला तेव्हा लाल बाटली ओसंडून पाणी फरशीवर आलं होतं. निळ्या बाटलीत मुंगीची अंघोळ झाली असती, तीही केस न भिजवता.

"मोजण्यात चूक झालीये," बाई म्हणाल्या.

"असेल बाई. परत करून बघू?" चष्मेवालीने विचारलं आणि नळी पुन्हा लाल बाटलीत सोडली, कारण बाई बोलल्या होत्या.

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग मात्र वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं. इतकी वर्षं ज्यांना नावं ठेवली त्या शिक्षकांत आणि आपल्यात फरक काय, तर आपल्याकडे फुगे आहेत. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ती नळी इकडे आणू नकोस. पूर येईल."

पुढच्या जोडतासाला मोठ्या बाई मागे येऊन बसल्या. पेन्सिलीवर आडवी पट्टी, पट्टीवर खोडरबर. एका बाजूला दोन, दुसरीकडे एकच, तरी पट्टी सरळ राहायला हवी. "जमवा, आणि का जमलं ते सांगा," एवढं बोलून बाईंनी हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं. आजवर मुलांना दिलेली ही शिक्षा इतकी जालीम असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पट्ट्या धडाधड पडू लागल्या. खोडरबर बाकांखाली गेले. एकाने सगळं गोंदाने चिकटवायचं सुचवलं. जोडतास डोळ्यांदेखत हातचा चालला होता, आणि एका वाक्यात तो वाचला असता. बाईंनी जीभ चावली. मागे मोठ्या बाईंची चुळबूळ सुरू झाली. त्याही एके काळच्या गणिताच्या. शेवटी त्यांना राहवेना.

"अरे, दोन आहेत ते आत सरकवा ना! साधी गोष्ट आहे. मी तुमच्याएवढी होते तेव्हा..."

कोपऱ्यात पाण्याचं घड्याळ चालूच होतं. चष्मेवाली उठली. "मोठ्या बाई, जरा थांबता? तुमच्यासाठी वेगळी बाटली आणते."

मोठ्या बाईंचं तोंड उघडंच राहिलं, मग मिटलं. बाईंना वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला, "पण आम्ही आत सरकवलेच नाहीत. एकट्यालाच बाहेर नेलं, दुप्पट लांब. तरी जमलं!"

"म्हणजे दोन्ही चालतं?"

"मग तीन ठेवले तर?"

"तिप्पट लांब न्यायचा. पट्टी पुरेल का पण?"

मग जो कालवा उठला तो घंटेपर्यंत थांबला नाही. निळी बाटली गळ्यापर्यंत भरली. मोठ्या बाई दारात थबकल्या. "जोडतास राहू दे तुमचा. पण ती नळी माझ्या मीटिंगला आणलीत तर याद राखा."

बाईंना इतका आनंद झाला की शिक्षणावर, मुलांवर, स्वतःवर, किती तरी सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. चष्मेवालीने शांतपणे नळी उचलली आणि लाल बाटलीवर धरली.

बाईंनी तोंडावर बोट ठेवलं.