शब्द सापडेपर्यंत

दवाखान्यात शेजारची बाई औषधाच्या बाटलीवरचं नाव बोट ठेवून वाचत होती. एका जोडाक्षरावर बोट अडलं. मी सांगणार होते, पण थांबले, कारण आमचे पाळकसाहेब आठवले.

बुधवारी चर्चमध्ये ते बायबल शिकवत. वचन वाचायला मुद्दाम माझ्या आईला उभं करत. आई जेमतेम दुसरी शिकलेली. ती अडली की कुणीतरी चटकन शब्द सांगायला जाई, आणि साहेब हात वर करत. "सांगू नका. त्यांचा शब्द त्यांना सापडू द्या." मग सगळा वर्ग थांबायचा. चहा गार व्हायचा. मला वैताग यायचा. आता वाटतं, तसं थांबणारं माणूस पुन्हा भेटलं नाही. हल्ली आपण समोरच्याचं वाक्यसुद्धा पुरं करून टाकतो.

निवृत्तीच्या रविवारी, थकलेले साहेब शेवटचा आशीर्वाद देताना मध्येच विसरले. सगळ्या मंडळीला तो तोंडपाठ होता. पुढच्या बाकावरून कुणीतरी सांगायला तोंड उघडलं, तशी आईने हात वर केला.

चर्च थांबलं. साहेबांचे हात उचललेलेच होते. त्यांना शब्द सापडला, तेव्हाच आईने आपला हात खाली घेतला.