कापडे गावात कान तपासताना

साठ साल नुकतंच उलटलं होतं. सरकारला कानाच्या दुखण्यांसाठी धोरण आखायचं होतं आणि कुठे काय सोय आहे, ते पाहून यायला तरुण डॉक्टर हवे होते. महाड-पोलादपूरचं नाव निघताच मी हात वर केला. खरं सांगतो, कानांपेक्षा मला घाट बघायचा होता.

पुण्याहून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर आणि पुढे महाड. जाणार असाल तर एस.टी.त खिडकी पकडा आणि पोट हलकं ठेवा. वळणं संपता संपत नाहीत. महाडच्या खाणावळीत तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं स्वस्तात भरपेट मिळालं. दवाखान्यातली पाहणी मात्र लगेच आटोपली.

"कानासाठी काय आहे?" मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं.

"थेंब आहेत. नाहीतर मुंबईचा रस्ता."

दुसऱ्या दिवशी कापडे. भात झोडून झालं होतं, माणसं निवांत होती. एका अंगणात सगळं घर जमलं. मी एकेकाच्या मागे उभा राहून हळूच नाव घ्यायचो. म्हातारे वळले नाहीत की हशा पिकायचा आणि मलाही चेव चढायचा.

धाकटी सून सुमन पदर घेऊन उभी होती. नवरा मुंबईला कामाला. "लय गुनाची हाय," सासू कौतुकानं म्हणाली, "मोठ्यांपुढं तोंड उघडत नाय."

थोरली जाऊ सुमनच्या पाठीवर हात ठेवून होती. "हिला नको तपासू, सायब. लाजते ती."

मी जावेला बाजूला व्हायला सांगितलं. सुमनचं नाव हळू घेतलं, मग मोठ्यानं. ती वळली नाही.

"हिला ऐकू येत नाही!" मी मोठा शोध लावल्यासारखं सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

"बहिरी पोर आमच्या गळ्यात बांधली?" सासू कडाडली. "उद्याच धाडा तुडीलला, बापाकडं."

मी उपचार, यंत्र असं काहीबाही बोलू लागलो.

"हाय का तुमच्याकडं?" सासऱ्यांनी विचारलं. माझ्याकडे काहीच नव्हतं. मान वर करायची लाज वाटली.

सकाळी परतीच्या गाडीसाठी पोलादपूरला आलो, तर स्टँडवर सासरे, गाठोडं घेतलेली सुमन आणि तिला पोचवायला आलेली जाऊ. मी जावेजवळ जाऊन माफी मागितली.

"कुनाला कळलं नसतं," ती म्हणाली. "कुनी हाक मारली की मी पाठीला बोट लावायची. लगीन झाल्यापासनं हिचे कान मीच व्हते, सायब."

मागून महाडची गाडी भोंगा वाजवत आली. जावेनं सुमनच्या पाठीला बोट लावलं. सुमन वळली, जावेकडे बघून हसली आणि गाडीत चढली.

घाट चढताना मी एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही.

पुण्याला पोचल्यावर साहेबांनी विचारलं, "काय हो, तिकडे कानांसाठी काही सोय आहे का?"

"नाही," मी म्हणालो. मी जाईपर्यंत होती, एवढं सांगायचं धाडस मला झालं नाही.