टँकवाल्या गेममधलं आमचं घर

चकवा लागला, झपाटलं, असलं काही कोणी सांगायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. आजही मानत नाही... पण मग मी पाहिलं ते काय होतं, हे कोणीच सांगत नाही, म्हणून लिहितो आहे. शिक्षण आठवीपर्यंत, शुद्धलेखन सांभाळून घ्या. वापीला पुठ्ठ्याच्या कारखान्यात आहे. आमच्या सुपरवायझर साहेबांनी सुट्टीच्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसू दिलं, मराठी टाइप करायला शिकवलं – त्यांचे उपकार आहेत.

गाव गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पुढे जंगलात. तलावावर मासे धरायचे, थोडं धान, उन्हाळ्यात विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडायचा. मोठा भाऊ सुधाकरदादा. सत्त्याण्णव साली त्यानं पहिल्या मजुरीतून चंद्रपूरहून टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणला. त्यातला टँकवाला गेम म्हणजे आमचा जीव. खाली एक पक्षी, त्याच्याभोवती विटांची भिंत. शत्रूचे टँक पक्ष्याला उडवायला येणार, आपण वाचवायचं. शिवाय त्यात स्वतःचा नकाशा बनवता यायचा – विटा, पाणी, झाडी, पाहिजे तिथे ठेवा. दादा दर वेळी आमचं गावच बनवायचा. कोपऱ्यात तलाव, चारी बाजूंनी झाडी, आणि पक्षी म्हणजे आमचं घर. वीज गेली की सगळं पुसलं जायचं. तो न चिडता परत बनवायचा.

दोन हजार एकच्या पावसाळ्यात दादा भामरागडकडे बांबूच्या कामावर होता. पुरानं रस्ते बंद झाले. सोबतचे पायी निघाले, दादा म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून. आला नाही. काही सापडलंही नाही.

दोन हजार आठच्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा मामा येऊन बसले होते. माझं लग्न जुळत नव्हतं. पोरीकडचे विचारायचे, थोरला आहे का गेला? मामांचं म्हणणं – प्रेत नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळू, तेरवी करू, मोकळे होऊ. पानंसुद्धा तोडून आणली होती. खरं सांगतो, मीही आईला तयार करायलाच गेलो होतो.

"बाई, किती वर्स झाले. आता सुटू दे त्याले," मामा म्हणाले.

"तुले दिसला काय मेलेला?" आई म्हणाली.

"दिसला असता तं पुतळा कायले लागला असता?"

"मंग चूप बस ना."

मामांनी मला दादाच्या वस्तू माळ्यावरून काढायला लावल्या. कपडे, एक टॉर्च, आणि पॉलिथिनमध्ये बांधलेला गेम. गाठी आईच्याच होत्या, आवळून बसलेल्या. कापाव्या लागल्या.

म्हटलं, एकदा खेळून पाहू. कसलं काय! टीव्हीवर नुसत्या पट्ट्या. कॅसेट काढली, फुंकली, परत लावली. लागला तर हात चालेनात. डोळे झाकून खेळायचो तो गेम, आणि पहिल्याच लेव्हलला पक्षी उडाला. परत लावला, परत उडाला. बटणं तीच, अंगठाच कामातून गेलेला. मला रडायला येईल इतका राग आला.

"काऊन बे, कंपनीत हेच शिकून राह्यला काय?" मामा हसले.

चिडून मी नकाशा बनवायचं बटण दाबलं. तिथे रिकामा काळा पडदा येतो. नेहमी तोच येतो.

आमचा तलाव आला.

कोपऱ्यात पाणी, भोवती झाडी, सगळं दादा ठेवायचा तसं. फक्त झाडीतून वरून खाली एक सरळ मोकळी पट्टी होती. आणि पक्ष्याच्या भिंतीत, त्या पट्टीच्या बाजूची, एक वीट नव्हती. दादा असं कधीच ठेवायचा नाही. वीट नसली की पक्षी मेलाच.

आई मागून येऊन वाकली. गेममधलं तिला काही कळत नाही. तिनं त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"हे तं आपलं मागचं दार होय ना रे, बाबू?"

मग ती मोकळी पट्टी म्हणजे सडक. जंगलातून डांबरी सडक झाली ती दादा गेल्यानंतर, घराच्या मागून. बस तिकडे थांबायला लागली, म्हणून आईनं मागची भिंत फोडून दार काढलं – दादा उतरला तर दिसावा. त्यानं ना ती सडक पाहिली होती, ना ते दार.

"मामा, इकडे या! पाहा!"

मामांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "राह्यली असन एखादी वीट," म्हणाले, पण टीव्हीपासून मागे सरकले. तेवढ्यात लाईन गेली.

लाईन आल्यावर काळा पडदा. सुट्टी संपेपर्यंत मी तो गेम लावत होतो, बंद करत होतो, कॅसेट फुंकत होतो. काळाच. गडचिरोलीला दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं उघडून दाखवला. "भाऊ, याच्यात नकाशा जपून ठेवाले सेल नाई, काईच नाई. बंद केला का संपला. तुमी दुसरं काई पाह्यलं असन." असं म्हणून माझ्याकडे जे पाहिलं ना... वाटलं गेम तिथेच आपटावा.

लाईन गेली त्या संध्याकाळी आईनं मामांनी आणलेली पळसाची पानं घेतली, काड्या टोचून पत्रावळी लावल्या आणि त्यावरच मामांना भात वाढला. "जेव," म्हणाली. मामा मान खाली घालून जेवले. पुतळ्याचं नाव निघालं नाही.

आता तेच मामा फोनवर म्हणतात, मी काई पाह्यलं नाई, तूच बाईच्या डोक्यात भरवलं. तेव्हा बोलणं चालू होतं त्या पोरीकडच्यांनीही नकार कळवला. आई दर फोनला विचारते, "मंग, काय समजलं?" मी काय सांगू?

मला भीती नाही वाटत, राग येतो. दादा गेला असेल, तर ते दार दाखवून आईला आणखी वाट पाहायला कशाला लावायचं? आणि जिवंत असेल, तर दार कुठे आहे हे त्याला माहीत आहे. मग येत का नाही?