नऊ मण्यांचा पूल आणि आमची लॅब

"तुमची पीएचडी कशावर?" असं कुणी विचारलं की मी एका वाक्यात सांगायला बसते आणि चहा दोनदा होतो! प्रबंध पावणेदोनशे पानांत आटोपला. जे त्यात बसलं नाही तेच जास्त. मालवणजवळच्या आमच्या छोट्या कॉलेजात शिकवता शिकवता, २००१ ते २००७, मी हे काम केलं. म्हणजे माणसांनी करून घेतलं.

विषय एवढाच: पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तिच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा. मधल्या पुलात एकेक मणी वाढवत न्यायचा, नऊपर्यंत, आणि इलेक्ट्रॉन किती वेगाने पलीकडे जातो ते मोजायचं.

०

माळा आमच्या लॅबमध्ये बनायच्या, पण मोजायचं लेसरचं यंत्र पणजीला, माझ्या गाईडसरांकडे. आमचे लॅब अटेंडंट बाबलदादा एकदा म्हणाले, "मॅडम, ह्यो इलेक्ट्रॉन जाता तरी किती लांब?"

"केसाच्या जाडीचे हजारो भाग करा. त्यातला एक."

"आणि ता बघूक तुमी पणजीक जातास?"

०

सेमिनारसाठी मॉडेल हवं होतं. सासूबाईंनी पोटमाळ्यावरच्या डब्यातून मणी काढले, चष्मा लावून एक, दोन, तीन मण्यांच्या माळा ओवून दिल्या. ओवता ओवता विचारलं, "मणी वाढलो की काय होता?"

"वेग एकदम पडतो, आई."

"मगे वाढयतस कशाक गो?"

सेमिनारमध्ये इतका अवघड प्रश्न कुणीच विचारला नाही!

०

एकदा वादळाने दोन दिवस वीज गेली. फ्रीज बंद, आत महिन्याभराचं काम. धावत मासळीबाजारात गेले. मासे विकणाऱ्या तारामावशींकडे बर्फ मागितला.

"बर्फ कशाक गो? मासळी खंय आसा?"

"मासळी नाही मावशी, पेप्टाइड आहे."

"ह्यो खंयचो मासो? आमच्या जाळ्यात कधी गावलो नाय!"

हसल्या, पण स्वतःच्या टोपलीतला बर्फ काढून माझा थर्माकोलचा डबा काठोकाठ भरला. नमुने सरांच्या फ्रीजमध्ये ठेवायला पणजीची एसटी धरली, तर कंडक्टरने वास घेऊन मला डब्यासकट मागच्या सीटवर पाठवलं. पण नमुने वाचले! आभाराच्या पानावर मावशींचं नाव पहिल्या ओळीत घातलं. प्रबंध टाइप करणाऱ्याने अदबीने विचारलं, "या मॅडम कुठल्या डिपार्टमेंटच्या?"

०

आणि हा शेवटचा किस्सा. छोट्या माळांचे आकडे अगदी शहाण्यासारखे आले. मणी वाढला, वेग कोसळला. पण सहा मण्यांच्या पुढे वेग पडायलाच तयार नाही! सर फोनवर म्हणाले, "भांडी नीट धुतली जात नाहीत. नमुना खराब आहे."

मी फोन ठेवला आणि लॅबमधल्या विद्यार्थ्यांसमोर, भांडी धुणाऱ्या बाबलदादांना नाही नाही ते बोलले.

चार दिवस ते एकेक फ्लास्क तीन-तीनदा धुऊन, खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवत राहिले. दुपारी डबा माझ्या टेबलाशी उघडायचे, ते बंद झालं.

नवा नमुना केला. तेच आकडे. तिसरा केला. तेच! तेव्हा कुठे सरांच्या ध्यानात आलं. छोट्या पुलावरून इलेक्ट्रॉन एका उडीत जातो. लांब पुलावर ती उडी झेपत नाही, मग तो मण्यामण्यावर टेकत जातो, आणि अंतर वाढलं तरी वेग फारसा पडत नाही. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण ते!

मी बाबलदादांची माफी मागितली. "जांवदे ओ मॅडम," म्हणाले, पण नजर सिंकमध्येच.

पुढच्या आठवड्यात सर स्वतः एसटीने आले. प्राचार्यांना न भेटता सरळ लॅबमध्ये. "बाबलदादा, भांडी स्वच्छ होती. चूक माझी." एवढं बोलून त्यांनी बाह्या वर केल्या आणि सिंकमधला एक फ्लास्क घासायला घेतला.

बाबलदादा कमरेवर हात ठेवून बघत होते. मग पुढे झाले आणि सरांच्या हातातून तो हळूच काढून घेतला.

"ऱ्हवांदे सर. तुमका जमाचा नाय!"