चौकटीवरचा हात

राजानंद मेश्राम हा माणूस मुळात भांडणाचा नव्हे. नागपुरात असताना रांगेत कुणी मध्येच घुसलं, तर हे त्याला नीट उभं राहता यावं म्हणून मागे सरकत, आणि मग मागच्याच्या पायावर पाय पडला म्हणून त्याची माफी मागत. अशा माणसाने पंचेचाळिशी उलटल्यावर हातात बंदूक धरली. याचं श्रेय जर्मनीत, लुडविग्सहाफेन गावी, शेजारच्या इमारतीत झालेल्या घरफोडीला जातं.

दहा वर्षं वोल्फ्सबुर्गला काढून मेश्राम कुटुंब गेल्या उन्हाळ्यात इथे आलं होतं. रसायनांच्या कारखान्यात बरी नोकरी, तिसऱ्या मजल्यावर बरं घर, लिफ्ट नाही, पण समोरच्या दारात फ्राऊ वेंडेल नावाची सत्तरीची मायाळू शेजारीण. सगळं कसं छान. आणि मग ती घरफोडी झाली. तेव्हापासून राजानंद झोपण्याआधी दाराची कडी बघत, झोपल्यावर उठून बघत, आणि सकाळी फ्राऊ वेंडेलना जिन्यात गाठून "तुम्हीही बघता ना?" असं विचारत.

शेवटी त्यांनी वर्गात नाव घातलं. गावच्या नेमबाजी मंडळाच्या हॉलमध्ये हेर क्रेमर नावाचे निवृत्त पोलीस साध्यासुध्या माणसांना स्वसंरक्षण शिकवत, तेही पायरीपायरीने. पहिली पायरी गळ्याची. हात पुढे करून "श्टॉप!" असं ओरडायचं. राजानंदांचं ओरडणं ऐकून क्रेमर म्हणाले, "हेर मेश्राम, तुम्ही हल्लेखोराला थांबवताय की त्याला वेळ विचारताय?" दुसरी पायरी पायांची, म्हणजे पळण्याची. यात राजानंद वर्गात पहिले आले. पुढे मिरचीचा फवारा. सरावाच्या डब्यात नुसतं पाणी होतं, पण वारा कुठून येतोय हे न बघितल्यामुळे ते सगळं राजानंदांच्याच चष्म्यावर आलं.

बंदूक सगळ्यात शेवटी, आणि ती वर्गात नव्हे, मंडळात. आधी छऱ्यांची, मग जमलं तर लहान गोळीची. पहिल्याच दिवशी राजानंदांनी विचारलं, "घरात चोर शिरला तर नेम कुठे धरायचा?" क्रेमरांनी त्यांच्या हातातली रायफल काढून घेतली. "इथे कागदावर मारतात. माणसाची गोष्ट पुन्हा काढलीत, तर दार तिकडे आहे." मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "एकच लक्षात ठेवा. समोर काय आहे, आणि त्याच्या मागे काय आहे, हे दिसल्याशिवाय बोट चापावर जात नाही. आधी बघायचं."

घरी त्यांच्या पत्नी द्रौपदीबाईंनी या सगळ्याला एका वाक्यात बसवलं होतं. "सकाळी हात जोडून पाणातिपाता वेरमणी, जीव घेणार नाही म्हणायचं, आणि संध्याकाळी ठो! अहो, बुद्धमूर्तीचं तोंड तरी भिंतीकडे करून जात जा."

"अगं, कागदावर मारतो मी."

"कागदाने काय घोडं मारलं होतं तुमचं?"

यातली खरी घातक पायरी मात्र ना फवाऱ्याची होती, ना बंदुकीची. ती होती डोळ्यांची. क्रेमरांनी एक दिवस पडद्यावर चित्रं दाखवली. चोर म्हणे आधी घरं हेरतात आणि दाराशी खडूने बारीकशा खुणा करून ठेवतात. फुली, गोल, रेघा. इथे म्हातारी एकटी राहते, इथे कुत्रा आहे, इथे माल आहे. "हल्ली असं फारसं सापडत नाही," असंही क्रेमर म्हणाले होते. पण तोवर राजानंद चित्रं उतरवून घेण्यात गुंतले होते.

नाताळची सुट्टी वोल्फ्सबुर्गच्या जुन्या मित्रांकडे घालवून मंडळी जानेवारीत परत आली. बॅगा घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचली, आणि राजानंद जागच्या जागी थिजले. दाराच्या वर, चौकटीवर, पांढऱ्या खडूने स्वच्छ लिहिलं होतं: वीस, एक चांदणी, मग सी, एम, बी, मधे अधिकच्या खुणा, आणि शेवटी सव्वीस. पेशाने रसायनवाले असल्याने त्यांना आधी ते समीकरण वाटलं. मग फ्राऊ वेंडेलच्या दारावरही तेच दिसलं, आणि त्यांना क्रेमरांची चित्रं आठवली.

"खूण केलीये," ते कुजबुजले. "वीस ते सव्वीस तारखेच्या मधे येणार आहेत."

अकरा वर्षांची लेक धम्मदीपा मागून जर्मनमध्ये म्हणाली, "नाइन, पाप्पा, दास वारन डोख..."

"घरात मराठी!" राजानंद गरजले. पहिल्या पायरीवर न निघालेला आवाज इथे निघाला.

"आपण घरात नाही आहोत. जिन्यात आहोत," धम्मदीपा तेवढं शुद्ध मराठीत म्हणाली. पुढे जे सांगायचं होतं, त्याला तिच्याकडे मराठी शब्दच नव्हता. घरात जर्मन बोललं की राजानंद कानावर हात ठेवत. हा नियम त्यांचाच, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पोरीने खांदे उडवले, कानात इयरफोन घातले आणि ती आत गेली.

राजानंदांनी खुर्ची आणली, ओलं फडकं आणलं आणि आपल्या दारावरची खूण पुसली. मग शेजारधर्म म्हणून फ्राऊ वेंडेलच्या दारावरचीही पुसली. फ्राऊ वेंडेल आपल्या मुलीकडे गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना त्रास द्यायचा प्रश्नच नव्हता. खुर्ची परत आणताना आपल्या चौकटीच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर एक मळकट तेलकट डाग दिसला. माणसाच्या तळव्याएवढा. तोही त्यांनी घासून काढला. आणि तो घासतानाच त्यांना आठवलं, हा हात कुणाचा ते.

युसुफचा. रोज पार्सलं घेऊन येणारा, काळ्या दाढीचा, हसऱ्या डोळ्यांचा युसुफ. सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी राजानंदांनी दाराच्या भिंगातून त्याला बघितलं होतं. चौकटीवर हात टेकून उभा होता आणि मान वर करून वरच्या पट्टीकडे बघत होता. बराच वेळ. कुठली पायरी कुठे बसते, ते राजानंदांच्या डोक्यात लख्ख बसलं. रोज कोण येतं? युसुफ. कोण घरी आहे, कोण नाही, हे कुणाला कळतं? युसुफला.

त्यांनी घरांचं व्यवस्थापन बघणाऱ्या कचेरीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. नाव सांगितलं. दाढीसुद्धा सांगितली. फोन ठेवला तेव्हा त्यांना क्रेमरांच्या वर्गातून पदवी घेतल्यासारखं वाटत होतं.

दोन दिवसांनी फ्राऊ वेंडेल मुलीकडून परतल्या आणि दाराकडे बघत जिन्यातच उभ्या राहिल्या. राजानंद शौर्य सांगायला बाहेर आले. "फ्राऊ वेंडेल, घाबरू नका. मी वेळीच पुसलं."

"तुम्ही पुसलंत?" म्हाताऱ्या बाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "पण ती तर मुलं होती. तीन राजांची."

आत धम्मदीपा शाळेचं दप्तर भरत होती. ती बाहेर आली आणि यावेळी कुणाची परवानगी न घेता जर्मनमध्ये सगळं बोलून मोकळी झाली. जानेवारीच्या सुरुवातीला चर्चची मुलं सोनेरी मुकुट घालून, काठीवर चांदणी लावून घरोघर गाणी म्हणत फिरतात. गरीब मुलांसाठी मदत गोळा करतात आणि दारावर खडूने वर्षाचा आशीर्वाद लिहितात. वीस आणि सव्वीस म्हणजे तारखा नव्हेत, मिळून हे वर्ष, दोन हजार सव्वीस; आणि मधली अक्षरं म्हणजे 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो'. तिच्याच वर्गातली लेओनी त्यांत राजा झाली होती. वोल्फ्सबुर्गला त्यांच्या गल्लीत ही मुलं कधी आलीच नव्हती.

"तुमच्या दारावर लिहा, असं मीच सांगितलं त्यांना," फ्राऊ वेंडेल म्हणाल्या. "तुम्ही चोरांना इतके घाबरता. म्हटलं, या वर्षी घराला जरा राखण असू दे."

राजानंदांना पळायची पायरी येत होती, पण पळायला जिन्यात जागा नव्हती. "आणि युसुफ?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, तेही मराठीत.

द्रौपदीबाईंना सगळं कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. हेच वाईट लक्षण. स्वयंपाकघरातल्या वीस किलोच्या तांदळाच्या पोत्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे कुणी आणलं वर? सुट्टीच्या आदल्या दिवशी? तिसऱ्या मजल्यावर? वर तुमचं कणकेचं पार्सल. तो माणूस दम खात होता, अहो. माणूस दम खातो तेव्हा मान वर करतो."

राजानंद पोत्यावरच बसले. त्यांना नागपूरचं कॉलेजचं वसतिगृह आठवलं. कुणाचं घड्याळ हरवलं की सगळ्यात आधी त्यांची पेटी उघडली जायची. घड्याळ कधीच सापडलं नाही त्यात. पण प्रत्येक वेळी पेटी उघडणारी मुलं "अरे, मनावर घेऊ नकोस" म्हणायची, आणि राजानंदच उलट त्यांना "छे, छे" म्हणायचे. ती नजर पाठीत कुठे टोचते, ती नेमकी जागा या माणसाला ठाऊक होती. आणि तरी भिंगाला डोळा लावून त्याने तीच नजर दुसऱ्याच्या पाठीत रोवली होती.

त्यांनी कचेरीला फोन लावला. "एक गैरसमज झाला होता," असं गुळगुळीत जर्मन त्यांनी घोकून ठेवलं होतं. पलीकडच्या बाईंना गुळगुळीत काही चालत नव्हतं.

"आल्झो, म्हणजे त्या माणसाला लिहिताना तुम्ही पाहिलं होतं?"

"नाही."

"मग काय करताना पाहिलं?"

"माझा तांदूळ आणताना."

बाई म्हणाल्या की तक्रार पुढे पार्सलवाल्यांकडे गेली आहे, त्याला तूर्त या रस्त्यावरून काढून गोदामात बसवलंय, आणि ठेवायचा की नाही हे ते ठरवताहेत. "तुम्ही चुकलात असं स्पष्ट सांगताय ना?"

"गेनाऊ, अगदी तसंच. मी चुकलो. तो नाही, मी."

तेवढ्यावर न थांबता ते स्वतः गोदामात गेले आणि तिथल्या साहेबासमोर हेच पुन्हा म्हणाले. साहेबाने "बरं" म्हणून मान हलवली. राजानंदांना वाटत होतं, त्याने निदान दोन शिव्या तरी द्याव्यात.

त्या आठवड्यात नेमबाजीला गेले तेव्हा छरे कागदाच्या बाहेरच जात होते. क्रेमरांनी विचारलं, तेव्हा राजानंदांनी सगळं सांगितलं. तक्रार करावी तसं नव्हे, पेटी उघडावी तसं. क्रेमर रायफल घेऊन कपाटात ठेवत म्हणाले, "आज नको. आधी बघायचं, म्हटलं होतं मी."

पुढे बरेच दिवस पार्सलं दुसराच कुणी आणत राहिला. आणि एका सकाळी खालची बेल वाजली, आवाज ओळखीचा. राजानंद पायमोजे न घालताच जिना उतरत सुटले, पण युसुफ तोवर वर पोचला होता. हातात डाळींचं जड खोकं. घामाने कपाळ ओलं.

"युसुफ, मी... तो फोन माझा होता. मी चुकलो. मला माफ करा."

"मला माहीत आहे," युसुफ म्हणाला. डोळे हसरे नव्हते. "गोदामात सांगितलं त्यांनी. होतं असं. नेहमी होतं." मग खोकं एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाला, "फक्त मला वाटलं नव्हतं, तुमच्या दारातून होईल."

राजानंदांनी खोकं घेतलं. "आत या. चहा घ्या. बसा जरा, दम खा."

"नको. खाली गाडी आहे."

तो दम लागलेला होता, छाती वरखाली होत होती. पण जिन्याच्या मधोमध उभा होता, दोन्ही हात अंगाशी धरून, भिंतीपासून लांब, चौकटीपासून लांब. सही घेतली, आणि गेला.

हल्ली मेश्रामांचं पार्सल आलं की बेल वाजताच राजानंद खाली धावतात आणि खोकी स्वतः वर आणतात. द्रौपदीबाई म्हणतात, "स्वसंरक्षणाचा एवढा एकच फायदा झाला, पाय चालले." फ्राऊ वेंडेलकडे मुलांनी दिलेला खडूचा तुकडा उरला होता. धम्मदीपाने खुर्चीवर चढून दोन्ही दारांवर आशीर्वाद पुन्हा लिहिला. राजानंदांनी खुर्ची धरली. तिने लिहिताना जर्मनमध्ये बडबड केली, आणि यावेळी ते सगळं ऐकत राहिले.

दारावर आता सगळं पूर्वीसारखं आहे. फक्त चौकटीच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, ती जागा स्वच्छ आहे. राजानंद येताजाता तिकडे बघतात. डाग परत आलेला नाही.